'सेटअप कोणी बांधला?' : सोलर सेलच्या पदार्थांसाठी ऑप्टिकल उपकरणं घडवणारी पोस्टडॉक मिळवताना

माझ्या पहिल्या पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेच्या) मुलाखतीत स्क्रीनवर माझ्याच पेपरातली दुसरी आकृती होती. लेसर, दोन आरसे, फिल्टर, आणि कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती ते मोजणारा स्पेक्ट्रोमीटर. पलीकडून प्रश्न आला, "हा सेटअप कोणी बांधला?" मी म्हणालो, "आम्ही." लगेच पुढचा प्रश्न, "आम्ही म्हणजे कोण?" आपल्याकडे सरांच्या देखत 'मी केलं' म्हणायला जीभ रेटत नाही. त्यामुळे मी सरांचं नाव घेतलं, सीनियरचं घेतलं, वर्कशॉपचंही घेतलं. प्रत्यक्षात ते सगळं जोडलं होतं मीच, रात्री अकरानंतर, लॅबमधले दिवे बंद करून. ती जागा मला मिळाली नाही.

दुसऱ्या वेळी मिळाली, जर्मनीत. मधल्या आठ महिन्यांत मी काय बदललं ते इथे क्रमाने लिहितो. फिजिक्स, मटेरियल्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये ज्यांची पीएचडी संपत आली आहे आणि ज्यांना नमुने बनवण्यापेक्षा ते मोजणारी यंत्रं बनवण्यात जास्त रस आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी कामाचं मर्म समजून घ्या

सोलर सेल मोजायचा म्हणजे दोन तारा जोडून करंट-व्होल्टेजचा आलेख काढायचा, असं बहुतेकांना वाटतं. मग यात ऑप्टिकल उपकरणांचं एवढं काय?

चांगला सोलर सेल हा चांगला एलईडीसुद्धा असतो. शॉकली आणि क्वायसर यांनी १९६१ मध्ये एका जंक्शनच्या (एकाच प्रकाशशोषक पदार्थाच्या) सेलच्या कार्यक्षमतेची कमाल मर्यादा काढली, ती आज सुमारे ३३.७ टक्के मानली जाते. त्या आदर्श सेलमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन उठून गेल्यावर मागे राहिलेली रिकामी जागा) एकत्र येतात तेव्हा प्रत्येक वेळी एक फोटॉन बाहेर पडतो. खऱ्या पदार्थात बरेचसे इलेक्ट्रॉन दोषांमध्ये अडकून नुसती उष्णता देतात. म्हणून लेसर मारल्यावर फिल्म किती चमकते, म्हणजे शोषलेल्या शंभर फोटॉनांमागे किती फोटॉन परत येतात, यावरून ती किती व्होल्टेज देऊ शकेल ते थेट काढता येतं. या चमकेला फोटोल्युमिनेसन्स, थोडक्यात पीएल, आणि या प्रमाणाला पीएल क्वांटम यील्ड म्हणतात.

हिशेब तोंडपाठ असू द्या, मुलाखतीत हमखास विचारतात. खोलीच्या तापमानाला क्वांटम यील्ड दहा पटींनी घसरली की साधारण ६० मिलिव्होल्ट गेले. १.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट बँडगॅपच्या (बँडगॅप म्हणजे शोषलं जायला फोटॉनकडे लागणारी किमान ऊर्जा) पेरोव्स्काइटची, म्हणजे सोलर सेलसाठी सध्या गाजणाऱ्या स्फटिक पदार्थाची, आदर्श मर्यादा सुमारे १.३२ व्होल्ट धरा. फिल्मची यील्ड १ टक्का असेल तर १२० मिलिव्होल्ट वजा, राहिले १.२० व्होल्ट. ०.१ टक्का असेल तर १.१४.

याचं सौंदर्य असं की तारा लागत नाहीत. अर्धवट सेलसुद्धा मोजता येतो. नुसती काचेवरची फिल्म मोजा, मग तीच फिल्म होल वाहून नेणाऱ्या थरावर मोजा, मग इलेक्ट्रॉनच्या थरासह मोजा. कोणत्या थराने किती मिलिव्होल्ट खाल्ले ते समोर येतं. पेरोव्स्काइट सेलची कार्यक्षमता २००९ मध्ये जपानमधल्या मियासाका यांच्या गटाने ३.८ टक्के नोंदवली होती. आज प्रमाणित आकडा २६ टक्क्यांच्या वर आहे. या धावपळीत लॅबमध्ये आठवड्याला शेकडो नमुने तयार होतात आणि मोजणीची रांग लागते. ग्लव्हबॉक्सच्या (हातमोज्यांतून काम करायच्या हवाबंद पेटीच्या) आत बसणारं, फिल्म वाळत असतानाच तिचा स्पेक्ट्रम घेणारं, किंवा नमुन्यांचा अख्खा ट्रे एकट्याने मोजणारं यंत्र प्रत्येक गटाला हवं असतं. सिलिकॉनमध्ये हे आधीच घडून गेलंय: सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या गटाने २००६ मध्ये अख्ख्या वेफरचा (सिलिकॉनच्या पातळ चकतीचा) पीएल फोटो काही सेकंदांत काढण्याची पद्धत मांडली, आणि आज ती कारखान्यांतल्या तपासणीत वापरली जाते.

जाहिरात वाचताना क्रियापदं बघा

जाहिरातीतली नामं सगळीकडे तीच असतात: पेरोव्स्काइट, टँडेम (एकावर एक रचलेले दोन सेल), स्पेक्ट्रोस्कोपी. खरं काम क्रियापदात असतं. 'कॅरॅक्टराइज' लिहिलंय म्हणजे यंत्र तयार आहे, तुम्ही नमुने मोजायचे. 'डेव्हलप', 'डिझाइन', 'कमिशन' लिहिलंय म्हणजे टेबल रिकामं आहे. 'मेंटेन' आणि 'सपोर्ट युजर्स' हे शब्द दोन-तीनदा आले तर सावध व्हा. तो पोस्टडॉकच्या नावाखाली ऑपरेटरचा शोध असू शकतो. दोन वर्षं दुसऱ्यांचे नमुने मोजण्यात जातील आणि पहिल्या लेखकाच्या जागी तुमचं नाव क्वचितच दिसेल.

मग त्या गटाचे गेल्या तीन-चार वर्षांतले पेपर काढा आणि फक्त मेथड्सचा भाग वाचा. 'होम-बिल्ट' हा शब्द कितीदा येतो? येत असेल तर तो कोणाच्या प्रबंधातून आला आणि तो माणूस आता कुठे आहे? तो नुकताच गट सोडून गेला असेल तर जाहिरात का निघाली ते कळलंच. संस्थेला स्वतःचं मेकॅनिकल वर्कशॉप आणि इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस आहे का, तेही वेबसाइटवर दिसतं. नसेल तर प्रत्येक ब्रॅकेटसाठी बाहेर कोटेशन मागवावं लागेल आणि तुमचे पहिले सहा महिने त्यातच जातील.

अर्जाच्या आधी एक यंत्र स्वतः बांधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. पीएचडीत आयती उपकरणं वापरली असतील तरी हरकत नाही. शेवटच्या सहा महिन्यांत एक छोटं, पण शेवटपर्यंत तुमचं असं यंत्र उभं करा. माझा सल्ला विचाराल तर अ‍ॅब्सोल्यूट क्वांटम यील्ड मोजणारा सेटअप. सामान थोडं लागतं आणि चुकायच्या जागा भरपूर आहेत.

सामान असं: ४०५ किंवा ५३२ नॅनोमीटरचा लेसर, आतून पांढरा असलेला पोकळ गोळा म्हणजे इंटिग्रेटिंग स्फिअर, ऑप्टिकल फायबर, स्पेक्ट्रोमीटर, आणि ज्याचा स्पेक्ट्रम माहीत आहे असा हॅलोजन दिवा. गोळा विकत घ्यायचा तर महाग पडतो. मी भोसरीतल्या एका टर्नरकडून अ‍ॅल्युमिनियमचे दोन अर्धगोल करून घेतले आणि आतून बेरियम सल्फेटचे पातळ थर एकावर एक चढवले. पहिल्या खेपेला घाईत जाड थर दिला, तो वाळल्यावर पापडासारखा सुटून आला. पातळ थर, पूर्ण वाळवणं, हलकं घासणं, पुन्हा थर. चार दिवस लागतात. लेसरचा ड्रायव्हर, रिले, शटरसाठी छोटी मोटर हे सगळं तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर मिळून जातं.

मोजणीची पद्धत डी मेलो, विटमन आणि फ्रेंड यांनी १९९७ मध्ये मांडली आणि आजही तीच पाया आहे. तीन स्पेक्ट्रम घ्यायचे. पहिला: गोळा रिकामा, लेसर चालू. दुसरा: नमुना आत, पण लेसर त्याच्यावर न पडता भिंतीवर पडतोय. तिसरा: लेसर थेट नमुन्यावर. तिसऱ्यातला लेसरचा उरलेला भाग दुसऱ्यातल्या लेसरच्या भागाने भागा आणि ते एकातून वजा करा, शोषण मिळालं. मग तिसऱ्यातल्या पीएलमधून, 'एक वजा शोषण' गुणिले दुसऱ्यातलं पीएल एवढं वजा करा, आणि जे उरेल त्याला रिकाम्या गोळ्यातला लेसर गुणिले शोषण याने भागा. गणित सहावीतलं आहे. खड्डे पुढे आहेत.

पहिला खड्डा: ऊर्जा आणि फोटॉन यांची गल्लत. दिव्याच्या प्रमाणपत्रावरचे आकडे वॅटमध्ये असतात, आपल्याला फोटॉन मोजायचे असतात. प्रत्येक बिंदूला तरंगलांबीने गुणायला विसरलात तर ४०५ आणि ७७० नॅनोमीटरच्या गुणोत्तराएवढी, म्हणजे जवळपास दुपटीची चूक होते. व्होल्टेजमध्ये ती सुमारे १७ मिलिव्होल्ट. छापलेल्या पेपरांतही ही चूक सापडते.

दुसरा खड्डा मला स्वतःला महागात पडला. एका नमुन्यात ८१० नॅनोमीटरला एक छोटं, सुबक शिखर दिसायला लागलं. नवीन फेज (पदार्थाची वेगळी स्फटिकरचना) सापडली या आनंदात मी दोन आठवडे एक्सआरडी, म्हणजे एक्स-रेने स्फटिकरचना तपासणं, करत बसलो. सरांना स्लाइडसुद्धा दाखवली. शेवटी एका एम.एस्सी.च्या मुलीने विचारलं, "दादा, नुसती काच ठेवून बघितली का?" काच ठेवली. शिखर जागच्या जागी. ४०५ दुणे ८१०. स्पेक्ट्रोमीटरमध्ये प्रकाश फाकवणारी ग्रेटिंग असते, तिच्या दुसऱ्या ऑर्डरमध्ये, म्हणजे दुप्पट तरंगलांबीच्या जागी, लेसरच पुन्हा येऊन बसला होता. स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडाशी ४५० नॅनोमीटरचा लाँगपास फिल्टर (त्याहून लांब तरंगलांबीच जाऊ देणारा) लावला आणि 'नवीन फेज' गायब झाली. तो चुकीचा आलेख मी फेकला नाही, आणि पुढे त्यानेच मला नोकरी मिळवून दिली.

तिसरी गोष्ट प्रखरतेची. पेपरमध्ये 'वन सन'ला, म्हणजे भर उन्हाइतक्या प्रकाशात, मोजलं असं लिहायचं तर हिशेब दाखवता आला पाहिजे. १.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा पदार्थ उन्हात दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे १.६ गुणिले दहाचा सतरावा घात इतके फोटॉन शोषतो. तेवढेच फोटॉन ४०५ च्या लेसरने द्यायचे तर सुमारे ८० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर. ठिपका २ मिलिमीटर व्यासाचा असेल तर फक्त अडीच मिलिवॅट. तोच लेसर लेन्सने ०.१ मिलिमीटरवर आणलात तर तुम्ही ४०० सूर्यांखाली मोजताय. दोष भरून जातात, फिल्म झक्कास चमकते आणि आकडा खोटा सुंदर येतो. म्हणून ठिपक्याचा आकार डोळ्याने ठरवू नका. कॅमेऱ्याने फोटो काढा, नाहीतर ब्लेड सरकवत पॉवर मोजा.

चौथं, कमी चमकणाऱ्या फिल्मचं. यील्ड ०.०१ टक्का असेल तर लेसर हा पीएलपेक्षा दहा हजार पट प्रखर असतो. दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये बसत नाहीत. लेसरसाठी छोटं एक्स्पोजर, पीएलसाठी फिल्टर लावून लांब एक्स्पोजर, आणि त्या फिल्टरने स्वतः किती प्रकाश गिळला त्याची दुरुस्ती. काही स्वस्त रंगीत काचेचे फिल्टर लेसरखाली स्वतःच चमकतात, तेही तपासा.

आणि हवा. पेरोव्स्काइट फिल्मचं पीएल लेसरखाली धरल्यावर मिनिटागणिक बदलतं, ओलाव्याने आणि ऑक्सिजनने तर बदलतंच. माझे जुलैतले आणि जानेवारीतले आकडे कधी जुळले नाहीत. पुण्यातल्या पावसाळ्यात लॅबची आर्द्रता काय असते ते वेगळं सांगायला नको. म्हणून शटर कधी उघडलं, नमुना किती सेकंद उजेडात होता, आर्द्रता किती होती, हे प्रत्येक फाइलबरोबर आपोआप नोंदवलं जाईल असं बघा. ४० रुपयांच्या वहीतली नोंद चालते, पण ती कोणी करत नाही.

शेवटची परीक्षा म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना. ऱ्होडामाइन ६जी हा चमकणारा रंग इथेनॉलमध्ये विरघळवा. त्याची यील्ड सुमारे ९५ टक्के असते. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा एलईडी वापरा आणि द्रावण अगदी पातळ ठेवा, घट्ट द्रावण स्वतःचाच प्रकाश परत शोषतं. तुमचं यंत्र ६० टक्के दाखवत असेल तर पेरोव्स्काइटला हात लावू नका, आधी चूक शोधा.

सगळं पायथॉनमधून चालवा. लेसर चालू, अर्धा तास स्थिर होऊ दे, शटर, तीन स्पेक्ट्रम, हिशेब, फाइल. लॅबव्ह्यू (उपकरणं चालवायचं सॉफ्टवेअर) येत असेल तर उत्तमच, पण बऱ्याच तरुण गटांत आता पायथॉन चालतो. कोड गिटहबवर ठेवा आणि दोन पानांची माहिती लिहा: कुठली वायर कुठे, काय बिघडलं तर काय करायचं. अर्ज वाचणारा खरंच तिथे जाऊन बघतो. मी बघितलंय, कारण आता मीही कधी कधी तिकडच्या बाजूला बसतो.

सीव्ही, एक पान आणि शिफारसपत्र

आपल्या सीव्हीत 'वापरलेली उपकरणं' अशी लांबलचक यादी असते: एक्सआरडी, एसईएम, यूव्ही-व्हिज, रामन. त्यातून एवढंच कळतं की तुमच्या विद्यापीठात ती होती. त्याऐवजी दोन मथळे करा. 'बांधलेली उपकरणं' आणि 'चालवलेली उपकरणं'. पहिल्यात दोनच ओळी असल्या तरी चालेल.

त्यासोबत एक पान जोडा. वर सेटअपचा फोटो (पसारा आवरून, पण खोटा चकचकीत करू नका), त्याखाली हाताने काढली तरी चालेल अशी किरणांची आकृती, आणि खाली दोन आलेख शेजारी शेजारी: यंत्र खोटं बोललं तेव्हाचा आणि चूक सुधारल्यानंतरचा. माझ्या त्या पानावर डावीकडे ८१० नॅनोमीटरचं शिखर होतं. मुलाखतीतला अर्धा वेळ त्यावरच गेला, आणि पहिल्यांदाच मला कोणी परीक्षा घेतंय असं वाटलं नाही. ज्याला दोन वर्षांसाठी महागडं टेबल सोपवायचं आहे, त्याला तुमचे सगळे आलेख सुंदर असल्याचं कौतुक नसतं. आकड्यावर संशय घ्यायची सवय तुम्हाला आहे का, हे त्याला बघायचं असतं.

ईमेल लहान ठेवा. 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम हंबली रिक्वेस्टिंग' या सुरुवातीची पत्रं तिकडे दिवसाला चार येतात, आणि समोर प्राध्यापक बाई असल्या तर 'सर' वाचूनच ती बंद होतात. साधं 'डिअर प्रोफेसर अमुक' पुरे. मी पाठवलेल्या पत्राचा आशय एवढाच होता: "तुमच्या अमक्या पेपरात फिल्म वाळताना पीएल मोजलंय. त्यात पहिल्या तीन सेकंदांचा डेटा नाही, बहुधा शटरच्या वेगामुळे. मी असाच सेटअप बांधलाय, सोबत एक पान जोडलंय. तुमच्या जाहिरातीतल्या जागेसाठी अर्ज करतोय." बस. उत्तर दोन दिवसांत आलं. अंदाज चुकला होता, कारण वेगळंच होतं. पण त्यांनी ते समजावून सांगितलं आणि तिथून बोलणं सुरू झालं.

शिफारसपत्राचं जरा अवघड असतं. आपल्याकडे बरेच सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग पत्रात 'हार्डवर्किंग आणि सिन्सिअर' यापलीकडे काही येत नाही, कारण स्वतःविषयी आणखी काय लिहिणार? सरांना मुद्दे द्या, पत्र नको. "सर, हा गोळा मी केला, हा कोड माझा आहे, आणि ती ८१० ची चूक आपण कशी शोधली ते लिहिलंत तर फार उपयोग होईल." चूक लिहायला सर कचरतात. लिहून घ्याच.

स्वतःची फेलोशिप की प्रोजेक्टवरची जागा

जाहिरातीतली जागा ही प्रोजेक्टची असते: विषय त्यांचा, पैसा त्यांचा. दुसरा रस्ता म्हणजे स्वतःचा प्रस्ताव लिहून पैसा घेऊन जाणं. युरोपात मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिप ही त्यातली मोठी. अर्जाची अंतिम तारीख बहुधा सप्टेंबरमध्ये असते. त्या तारखेपर्यंत पीएचडी झालेली हवी, पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव ८ वर्षांपेक्षा जास्त नको, आणि ज्या देशात जायचंय तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम झालेला नको. प्रस्तावाचा मुख्य भाग १० पानांचा. गुणांपैकी निम्मे वैज्ञानिक दर्जाला, ३० टक्के परिणामाला, २० टक्के अंमलबजावणीला. यजमान प्राध्यापकाशी निदान मे महिन्यापासून बोलणं सुरू हवं. ऑगस्टमध्ये पहिला ईमेल पाठवणाऱ्यांना सभ्य नकार मिळतो. जर्मनीसाठी हुम्बोल्ट फेलोशिप आहे, तिचे नियम त्यांच्या साइटवर वाचा.

भारतातच राहायचं असेल तर संशोधनाला सरकारी निधी देणाऱ्या आधीच्या एसईआरबीचं काम आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आहे. आयआयटी मुंबईत २०१० पासून फोटोव्होल्टाइक संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र चालतं. आपल्याकडे कोल्हापूर, पुणे, मुंबईत पातळ फिल्म बनवणारे गट पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे बहुतेकदा मोजणी यंत्र बांधणारा माणूस नसतो. परदेशीच गेलं पाहिजे असं काही नाही.

मुलाखत

साधारण वीस मिनिटांचं तुमचं भाषण, मग प्रश्न. भाषणात पदार्थाच्या प्रस्तावनेवर दोन मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. सूर्याची ऊर्जा किती आणि जगाला किती लागते ही स्लाइड तर काढूनच टाका. ते लोक तेच करतात.

प्रश्न कसे येतात त्याचा एक नमुना देतो. "तुझ्या फिल्मचं पीएल एक मायक्रोसेकंद टिकतं असं लिहिलंयस. लेसर किती वेगाने मारत होतास?" टाइम-कोरिलेटेड सिंगल फोटॉन काउंटिंगमध्ये (लेसरच्या पल्सनंतर एकेक फोटॉन किती वेळाने येतो ते मोजायच्या पद्धतीत) बऱ्याच जणांचा लेसर एक मेगाहर्ट्झला किंवा त्याहूनही वेगात चालू असतो. एक मेगाहर्ट्झ म्हणजे दोन पल्समध्ये एकच मायक्रोसेकंद. आधीच्या पल्सचे इलेक्ट्रॉन संपायच्या आत नवीन पल्स येऊन धडकते, मग मोजलेला आकडा कशाचा? अपेक्षित उत्तर असं: वेग १०० ते २०० किलोहर्ट्झपर्यंत खाली आणायचा, आणि डिटेक्टरवर येणारे फोटॉन पल्सच्या संख्येच्या ५ टक्क्यांच्या आत, शक्यतो १ टक्क्याच्या जवळ ठेवायचे, नाहीतर लवकर आलेलेच फोटॉन मोजले जातात आणि आयुर्मान कमी दिसतं. तुमच्या पेपरात हे चुकलं असेल तर कबूल करा. "तेव्हा लक्षात आलं नाही, आज मी असं करेन," हे उत्तर चालतं. सारवासारव चालत नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न: फळ्यावर किरणांची आकृती काढा आणि प्रत्येक भाग का आहे ते सांगा. घरी बिनबघता काढायचा सराव करा. डायक्रोइक आरसा (काही तरंगलांबी परतवणारा, बाकीच्या आरपार सोडणारा) नेमका कुठल्या बाजूने लावायचा इथे भलेभले अडखळतात.

तुम्हीही विचारा. यंत्र कोण वापरणार, तुम्ही एकटे की सगळा गट? नमुने कोण देणार, आणि तो माणूस अजून वर्षभर गटात आहे का? सुटे भाग घ्यायला पैसे मंजूर झालेत की मागायचे आहेत? यंत्रावरचा पेपर कोणाच्या नावाने निघेल? हा शेवटचा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो. तिकडे तो न विचारणारा माणूस बेफिकीर वाटतो. आणि 'आम्ही'ची सवय सोडा. जे तुम्ही केलं तिथे 'मी', जे दुसऱ्याने केलं तिथे त्याचं नाव.

कागदपत्रं, थोडक्यात

जर्मनीत पोस्टडॉकचा पगार बहुधा सरकारी श्रेणीत, टीव्ही-एल किंवा तत्सम तक्त्याच्या ई १३ मध्ये असतो. तो तक्ता जाहीर आहे, म्हणून पगारावर घासाघीस करण्यापेक्षा तुमचा अनुभव कुठल्या टप्प्यात धरणार ते विचारा. हातात येणारी रक्कम कर आणि विमा कापून बरीच खाली येते. व्हिसा संशोधकांचा, कलम १८-ड खालचा. आपल्याकडची अडचण निराळीच असते: पदवीदान समारंभ वर्षभर लांबतो. व्हायवा झाल्या दिवसापासून विद्यापीठाचं नोटिफिकेशन आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट यांच्या मागे लागा, आणि प्रबंधाचं शीर्षक सगळ्या कागदांवर अक्षरशः एकच आहे ना ते बघा.

पहिले तीन महिने

पहिला आठवडा लेसर सुरक्षेच्या प्रशिक्षणात जातो. आपल्याकडे चष्मा खिळ्याला टांगलेला असतो, तिकडे तो डोळ्यावर नसेल तर तुम्हाला खोलीबाहेर काढतात. चष्म्यावर तरंगलांबी आणि ऑप्टिकल डेन्सिटी (तो प्रकाश किती अडवतो ते) छापलेली असते, ती तुमच्या लेसरशी जुळवून बघा. घड्याळ आणि अंगठी काढून ठेवा.

जुना सेटअप असेल तर तो मोडायची घाई करू नका. तो कितीही गबाळा वाटला तरी त्याच्या आकड्यांवर गटाचे पाच पेपर उभे असतात. नवीन यंत्र शेजारी उभं करा, महिनाभर दोन्हीवर तेच नमुने मोजा, आणि फरकाचं कारण सापडलं की मगच पाना हातात घ्या.

सामान मागवताना धागे तपासा. युरोपातल्या ऑप्टिकल टेबलांना एम६ ची भोकं, २५ मिलिमीटर अंतराने. अमेरिकेतल्या टेबलांना पाव इंची, एक इंच अंतराने. मी पहिल्याच ऑर्डरमध्ये कॅटलॉगचं चुकीचं पान उघडून पाव इंची स्क्रूची अख्खी पेटी मागवली. दिसायला दोन्ही सारखेच. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, एम६ च्या भोकात तो जेमतेम अडकतो, आपल्याला वाटतं थोडा जोर लावू, आणि टेबलाचा धागा कापला जातो. वर्कशॉपच्या श्री. म्युलरांनी (नाव बदललंय) काही न बोलता माझ्या हातातला स्क्रू घेतला, शेजारी एम६ चा ठेवला आणि भिंग पुढे सरकवलं. त्यांच्याकडे ड्रॉइंग नेताना मग मी कायम दोन वेळा मापं तपासली, प्रत्येक मापाला टॉलरन्स (किती फरक चालेल ते) लिहिला, आणि बोलायला सकाळी नऊच्या आधी गेलो. वर्कशॉपशी चांगले संबंध असले की चार आठवड्यांचं काम चार दिवसांत होतं, हे भोसरीत जितकं खरं तितकंच तिकडेही.

आणि पहिल्या दिवसापासून एक संदर्भ नमुना ठरवा. पेरोव्स्काइट नको, ती रोज बदलते. चमकणाऱ्या प्लास्टिकचा तुकडा किंवा गॅलियम आर्सेनाइडचा वेफर. दर सोमवारी सकाळी, दुसरं काहीही मोजायच्या आधी, तोच तुकडा त्याच जागी ठेवून मोजा आणि आकडा भिंतीवरच्या तक्त्यावर मांडा. माझ्याकडे सात सोमवार बिंदू सरळ रेषेत आले. आठव्या सोमवारी आकडा ४ टक्क्यांनी खाली. लेसर ठीक, दिवा ठीक, गोळा ठीक. दुपारपर्यंत शोधल्यावर लक्षात आलं की शनिवारी सफाईवाल्यांनी टेबल थोडं सरकवलं होतं आणि फायबरचा कनेक्टर अर्ध्या आट्याने ढिला झाला होता. तो घट्ट केला, पुन्हा मोजलं, बिंदू रेषेवर आला. शनिवारनंतर एका सहकाऱ्याने मोजलेले अकरा नमुने त्या दुपारी आम्ही दोघांनी पुन्हा मोजले.